हाताला ठाऊक असलेलं अक्षर

एक सोपा प्रयोग करून पाहा. वहीत पेनाने आपलं नाव लिहा. मग तेच नाव फळ्यावर खडूने, चांगलं वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहा. वहीत लिहिताना बोटं आणि मनगट हलतात. फळ्यावर लिहिताना बोटं खडू नुसता धरून ठेवतात, खरं काम खांदा आणि कोपर करतात. म्हणजे दोन्ही वेळा कामाला लागलेले स्नायू बरेचसे वेगळे. तरीही अक्षराचं वळण मात्र तेच! मधल्या सुट्टीनंतर वर्गात आलेली मुलं फळ्याकडे नुसती नजर टाकून ‘हे आपल्या बाईंनी लिहिलेलं नाही’ असं सांगतात, ते या वळणाच्याच आधारावर. पेन पायाच्या बोटांत किंवा दातांत धरून लिहिलंत तर अक्षर वेडंवाकडं येईल, पण त्यातही तुमच्या अक्षराची ओळख पटण्यासारखं काहीतरी उरेल. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रयोग करून हेच दाखवून दिलं होतं.

मग हे वळण असतं कुठे? बोटांत नाही, कारण बोटं बदलली तरी ते टिकतं. ते मेंदूत आहे, हे उत्तर तर कोणीही देईल. पण मेंदूत म्हणजे नेमकं कसं? ‘लिहिणं’ नावाची एखादी वस्तू तिथे एका कप्प्यात ठेवलेली आहे का?

या प्रश्नाचं उत्तर चांगलं लिहिता येणाऱ्या माणसांकडून फारसं मिळत नाही. आपण इतक्या सहज लिहितो, की मधल्या पायऱ्या आपल्याला दिसतच नाहीत. त्या दिसतात, त्या लिहिणं मोडतं तेव्हा. डोक्याला मार लागल्यामुळे, गोळी लागल्यामुळे, मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे किंवा फुटल्यामुळे काही माणसांची लिहिण्याची क्षमता जाते. हात लुळा पडलेला नसतो, नजर शाबूत असते, पुष्कळदा बोलणंही ठीक असतं. पण कागद समोर ठेवला की लिहिता येत नाही. याला वैद्यकात अॅग्राफिया म्हणतात. विल्यम ओगल या इंग्रज डॉक्टरांनी १८६७ मध्ये आपल्या लेखात हा शब्द वापरला आणि तो रुळला. आपण त्याला लेखनलोप म्हणू.

गोळी लागलेला सैनिक

२ मार्च १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. रशियाच्या पश्चिम आघाडीवर, स्मोलेन्स्कच्या बाजूला, लेव झासेत्स्की नावाचा तेवीस वर्षांचा अधिकारी आपल्या तुकडीसह जर्मन ठाण्यावर चालून गेला आणि त्याच्या डोक्यात गोळी घुसली. युद्धाआधी तो अभियांत्रिकीचा हुशार विद्यार्थी होता. जखम होती मेंदूच्या डाव्या अर्धगोलात, माथ्याकडचा भाग आणि डोक्याच्या मागचा भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस त्याची गाठ अलेक्झांडर लुरिया यांच्याशी पडली. लुरिया (१९०२–१९७७) हे मानसशास्त्रज्ञ आणि मेंदूचे डॉक्टर. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी उरल पर्वताच्या परिसरात चालवल्या जाणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते. झासेत्स्कीची अवस्था विचित्र होती. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जग दिसत नव्हतं. जे दिसे तेही तुकड्यातुकड्यांनी. डावा हात कोणता, उजवा कोणता, हे सांगताना तो अडखळे. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतले सगळे शब्द त्याला कळत, पण दोन्हींत फरक काय, हे कितीही डोकं शिणवलं तरी उमगत नसे. वाचता तर येतच नव्हतं. आपल्याच भाषेतलं छापील पान त्याला परक्या लिपीसारखं दिसू लागलं.

शिक्षकांना पुढचा भाग विशेष जवळचा वाटेल. रुग्णालयातल्या एका बाईंनी त्याला पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं शिकवायला घेतली. प्रत्येक अक्षर एखाद्या ओळखीच्या शब्दाशी जोडायचं, आणि अक्षर दिसलं की तो शब्द आठवायचा. शब्द आठवला नाही तर मुळाक्षरं पहिल्यापासून म्हणत यायचं, नेमक्या अक्षरापाशी पोचलं की थांबायचं. अक्षरं हळूहळू आली, पण पुढचं अक्षर ओळखेपर्यंत मागचं निसटून जाई.

लिहिण्याची गत आणखी वाईट. पेन्सिल कशी धरायची हेही तो विसरला होता. अक्षराचा आकार डोळ्यांपुढे आणायचा, मग ती रेघ कुठून सुरू होते, कोणीकडे वळते, हे ठरवायचं, आणि मग ती काढायची. यातली प्रत्येक पायरी त्याला जड जात होती, आणि ते साहजिकच होतं. आकार आणि दिशा यांचा हिशोब ठेवणारा मेंदूचा भागच तर जखमी झाला होता.

एके दिवशी एका डॉक्टरांनी त्याला सुचवलं, की अक्षर अक्षर जुळवत बसू नकोस, हात कागदावरून न उचलता सगळा शब्द एका दमात लिहून टाक. तो गोंधळला. दोनतीनदा विचारून घेतलं आणि मग लिहिलं. शब्द होता ‘रक्त’, रशियन भाषेतला. शब्द बरोबर उमटला. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला तेव्हा झासेत्स्कीला कळलं, की आपण लिहू शकतो. त्याला स्वतःला तो वाचता येत नव्हता.

असं कसं झालं? पाढ्यांचं उदाहरण घेऊ. सतराचा पाढा पाठ असलेल्या मुलाला मधलाच एखादा आकडा विचारा. पुष्कळ मुलं ‘सतरा एके सतरा’ पासून मनातल्या मनात सुरुवात करतात आणि हव्या त्या जागी येऊन थांबतात. त्यांना आकडे सुटे माहीत नसतात, पाढ्याची चाल माहीत असते. नव्याने लिहायला शिकणारं मूल प्रत्येक अक्षर सुटं लिहितं. सराव झाला की त्या सुट्या हालचाली एकमेकींत मिसळतात आणि सबंध शब्दाचीच एक चाल तयार होते. लुरिया या गोष्टीला ‘हालचालींची सुरावट’ म्हणत. सुरावट चालवण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं, आणि झासेत्स्कीच्या मेंदूचा पुढचा भाग धडधाकट होता. डॉक्टरांनी मोडका रस्ता दुरुस्त केला नाही. त्यांनी न मोडलेला दुसरा रस्ता त्याला दाखवला.

मग झासेत्स्कीने आपली कहाणी लिहायला घेतली. पंचवीस वर्षं तो लिहीत होता, सुमारे तीन हजार पानं. हा आकडा ऐकून एखादा झपाट्याने लिहिणारा लेखक नजरेसमोर येईल, तर तो दूर सारा. हात चाले, पण शब्द सापडत नसत. एक शब्द आठवायचा, तो मनात धरून ठेवायचा, मग वाक्य जुळवायचं, तोवर पहिला शब्द पुसला गेलेला असे. मागे काय लिहिलं हे बघावं तर ते वाचणं म्हणजे पुन्हा एकेक अक्षर ओळखत बसणं. काही दिवशी पान भरे, काही वेळा पानाला आठवडा लागे. लुरियांनी त्याच्या वह्यांमधले उतारे आणि आपलं विवेचन एकत्र करून १९७१ मध्ये पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद आला. त्यातून दिसतं, की हे लिहिणं करमणूक म्हणून नव्हतं. बोलताना त्याचे विचार विखुरत. कागदावर उतरवलेला विचार निदान तिथे थांबून राही. एवढ्या एकाच जागी त्याला आपलं आयुष्य सलग धरता येत होतं, आणि तेही त्या वह्या सहजपणे वाचू न शकता. मेंदूविज्ञानाच्या साहित्यात याहून चिवट रुग्ण मला तरी माहीत नाही.

पॅरिसमधले गृहस्थ

लिहिता येतं पण वाचता येत नाही, हा प्रकार झासेत्स्कीच्या कितीतरी आधी नोंदवला गेला होता. ज्यूल देजरीन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ मध्ये एका सुशिक्षित गृहस्थांची हकिकत प्रसिद्ध केली. १८८७ मध्ये एके दिवशी अचानक त्यांना अक्षरं ओळखू येईनाशी झाली. बोलणं उत्तम, आकडेमोड व्यवस्थित, आणि लिहिणंही चांगलं. सांगितलेला मजकूर ते उतरवून घेत, मनाने पत्रं लिहीत. पण आपणच लिहिलेलं पत्र पाच मिनिटांनी समोर धरलं तर त्यांना ते वाचता येत नसे. अक्षराच्या रेघांवरून हात फिरवला की मात्र ते ओळखू येई. डोळ्यांना जे कळत नव्हतं, ते हाताला कळत होतं.

चार वर्षांहून अधिक काळ असा गेला. जानेवारी १८९२ मध्ये त्यांना दुसरा झटका आला. या वेळी त्यांचं लिहिणंही गेलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. देजरीन यांनी त्यांचा मेंदू तपासला तेव्हा दोन वेगवेगळ्या जखमा मिळाल्या. जुनी जखम डाव्या अर्धगोलाच्या मागच्या भागात, डोळ्यांकडून आलेली माहिती पोचते तिथे, आणि दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या मागच्या टोकाला होती. ताजी जखम होती डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि किंचित मागे असलेल्या एका वळीत. या वळीला अँग्युलर गायरस म्हणतात. देजरीन यांचा तर्क असा, की अक्षरांच्या प्रतिमा या वळीत राहतात. पहिल्या झटक्यात डोळ्यांकडून तिथे येणारी वाट तुटली, म्हणून वाचन गेलं, पण प्रतिमा शाबूत असल्यामुळे लेखन राहिलं. दुसऱ्या झटक्यात प्रतिमांचं भांडारच नष्ट झालं. आजचं चित्र याहून गुंतागुंतीचं आहे, अक्षरांच्या ओळखीत मेंदूचा आणखी खालचा भागही गुंतलेला असतो. पण वाचणं आणि लिहिणं वेगवेगळं मोडू शकतं, हा देजरीन यांचा निष्कर्ष पक्का ठरला.

याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे कॅनडातले रहस्यकथाकार हॉवर्ड एंगल. २००१ मध्ये एका सकाळी ते उठले तर वर्तमानपत्र परक्या लिपीत छापलेलं दिसलं. पक्षाघाताने वाचन गेलं होतं, लिहिणं राहिलं होतं. पुढे ते कष्टाने थोडंफार वाचू लागले, तेही गमतीदार मार्गाने. अक्षर दिसलं की ते त्याचा आकार जिभेने दातांच्या मागच्या बाजूवर गिरवत! २००५ मध्ये त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली.

साखळीच्या कड्या

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. लेखन हा माणसाचा फार अलीकडचा उद्योग आहे. सर्वांत जुन्या लिप्यांचं वय साधारण पाच हजार वर्षांहून थोडं जास्त, आणि बहुसंख्य लोक लिहू लागले ते तर गेल्या शे-दोनशे वर्षांत. एवढ्या काळात उत्क्रांतीने मेंदूत लेखनासाठी खास अवयव घडवणं शक्य नाही. म्हणून बोलणं मुलाला आपोआप येतं आणि लिहिणं शाळेत शिकवावं लागतं. शिकताना मूल काय करतं, तर ऐकणं, बोलणं, आकार ओळखणं, हात चालवणं अशा आधीपासून असलेल्या क्षमता एकमेकींना जोडून नवी साखळी तयार करतं. मेंदूतली जखम ही साखळी कुठल्याही कडीत तोडू शकते, आणि कडी कोणती तुटली यावर चुका कशा होणार हे ठरतं.

डॉक्टर रुग्णाला चाचणी देतात ती शिक्षकांच्या रोजच्या ओळखीची आहे: श्रुतलेखन. त्यात ते काही अर्थहीन शब्दही घालतात. तुमच्या वर्गात ‘गपेडा’ किंवा ‘टमुली’ असा शब्द सांगा. मुलं हसतील, पण लिहितील बरोबर, कारण आवाज ऐकून त्याचं अक्षरात रूपांतर करता येतं. हा झाला एक रस्ता. पण केवळ याच रस्त्याने गेलं तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत गफलत होणार. उच्चारात दोन्ही जवळजवळ सारखेच. कोणता दिवस आणि कोणता गरीब, हे सबंध शब्द ओळखीचा असल्याशिवाय ठरत नाही. हा दुसरा रस्ता, शब्दांच्या साठ्याचा. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये तर दुसऱ्या रस्त्याशिवाय गत्यंतरच नाही.

हे दोन रस्ते म्हणजे नुसती कल्पना नाही. १९८१ साली एकाच नियतकालिकात दोन वेगळ्या रुग्णांचे अभ्यास आले. फ्रान्समधला एक रुग्ण अर्थहीन शब्द उत्तम लिहायचा, पण उच्चाराप्रमाणे न लिहिले जाणारे फ्रेंच शब्द चुकायचा. इंग्लंडमध्ये टिम शॅलिस यांनी तपासलेला रुग्ण नेमका उलटा होता. त्याला ओळखीचे शब्द बहुतेक सगळे लिहिता येत, पण ‘गपेडा’सारखं काही सांगितलं की तो हतबल होई. एकाचा पहिला रस्ता शाबूत, दुसऱ्याचा दुसरा. एकच रुग्ण असता तर ‘अर्थहीन शब्द मुळातच अवघड असतात’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. दोघे समोरासमोर आल्यावर ती पळवाट उरली नाही.

जपानी लोक एकाच वाक्यात दोन प्रकारची लिपी वापरतात. काना ही उच्चारावर चालते, बरीचशी आपल्या बाराखडीसारखी. कांजी ही चिन्हांची लिपी, चिनी भाषेतून आलेली. डाव्या अर्धगोलाच्या खालच्या आणि मागच्या भागाला इजा झालेल्या काही जपानी रुग्णांचं कांजी लिहिणं बिघडतं आणि काना त्यामानाने बरी राहते. उलट प्रकारचे रुग्णही आहेत. एकच माणूस, एकच हात, एकच वाक्य, पण एक लिपी जमते आणि दुसरी नाही!

शब्द कोणत्याही रस्त्याने तयार झाला तरी तो एकदम कागदावर उतरत नाही. पहिलं अक्षर लिहीत असताना उरलेली अक्षरं कुठेतरी क्रमाने धरून ठेवावी लागतात. १९८७ मध्ये अल्फोन्सो कारामात्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका इटालियन रुग्णाच्या चुका तपासून या ‘धरून ठेवण्याच्या’ जागेचं वर्णन केलं. त्याला शब्द माहीत होते, हातही चांगला चाले. पण अक्षरं गळत, बदलत, त्यांची अदलाबदल होई, आणि शब्द जितका लांब तितक्या चुका अधिक. माझ्या मते देवनागरीत या जागेवर जरा जास्तच ताण पडत असावा. ‘दिवा’ म्हणताना ‘द’ आधी आणि ‘इ’ नंतर, पण पहिली वेलांटी बसते ‘द’च्या अलीकडे. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, पण रफार चढतो ‘य’च्या डोक्यावर. बोलण्याचा क्रम आणि कागदावरची जागा यांचा मेळ घालेपर्यंत शब्द मनात थोपवून धरावा लागतो.

रॉबेर्तो कुबेली यांनी १९९१ मध्ये इटलीतल्याच एका रुग्णाची नोंद केली, ती वाचून मी थक्क झालो होतो. हा रुग्ण शब्दातली व्यंजनं बरोबर लिहायचा आणि स्वरांच्या जागा रिकाम्या सोडायचा. बोलोन्या या शहराचं नाव लिहायला सांगितलं तर ‘बी’, मग मोकळी जागा, ‘एल’, मोकळी जागा, ‘जी’, ‘एन’ आणि शेवटी पुन्हा मोकळी जागा. म्हणजे तिथे स्वर आहे, एवढं त्याला ठाऊक होतं, कोणता ते हाताशी येत नव्हतं. स्वर आणि व्यंजनं यांचे वर्ग आपण व्याकरणाच्या पुस्तकात शिकतो. मेंदूही अक्षरं त्याच वर्गवारीने ठेवत असेल, ही गोष्ट विलक्षण आहे. रोमन लिपीत स्वराला स्वतंत्र अक्षर असतं. आपल्याकडे तो काना, मात्रा, वेलांटी, उकार होऊन व्यंजनाला चिकटतो. अशी इजा देवनागरी लिहिणाऱ्याला झाली तर कागदावर काय उमटेल, नुसती बोडकी अक्षरं की आणखी काही? वरच्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न जरूर घालावा. उत्तरापेक्षा त्यांचे तर्क ऐकण्यासारखे असतील.

साखळीची शेवटची कडी म्हणजे हात. व्हिएन्नामधल्या झिगमुंड एक्सनर यांनी १८८१ मध्येच डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या खंडातली एक जागा लेखनाच्या हालचालींसाठी महत्त्वाची असल्याचं सुचवलं होतं. आजही ती एक्सनर यांच्या नावाने ओळखली जाते. ही कडी तुटलेल्या माणसाला शब्दात पहिली वेलांटी आहे की दुसरी, जोडाक्षर कोणतं, हे तोंडी बिनचूक सांगता येतं. सुटी अक्षरं दिली तर तो शब्द जुळवूनही दाखवतो. पेन हातात घेतलं की मात्र रेघांचं जाळं होतं. उजव्या अर्धगोलाला इजा झाली तर वेगळाच प्रकार दिसतो. रुग्ण पानाचा डावा भाग कोरा सोडून सगळा मजकूर उजवीकडे कोंबतो, किंवा एखादी रेघ दोनतीनदा काढतो. त्याचे शब्द चुकत नाहीत, त्याची जागा चुकते.

बोलणं आणि लिहिणं यांचाही एक धक्कादायक पैलू २०१५ मध्ये पुढे आला. ब्रेंडा रॅप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पक्षाघात झालेले पाच रुग्ण तपासले. त्यांतल्या काहींना क्रियापदाचं रूप बोलताना बरोबर येई, पण तेच वाक्य लिहिताना प्रत्यय चुके. एकाचं याच्या उलट. आपण समजतो की मनात एक वाक्य असतं, ते कधी तोंडातून बाहेर पडतं, कधी हातातून. पण सराईत लेखकाच्या मेंदूत लिखित भाषेचं बऱ्यापैकी स्वतंत्र बिऱ्हाड झालेलं असतं, असं या अभ्यासातून दिसतं.

मदत कुठे आणि कशी

एक गोष्ट आधी सांगायला हवी. चांगल्या लिहित्या माणसाला अचानक लिहिता येईनासं झालं, शब्द सुचेनासे झाले, तोंड वाकडं झालं किंवा हाताला कमजोरी आली, तर ‘थकवा असेल, उद्या बघू’ म्हणू नये. ती पक्षाघाताची लक्षणं असू शकतात. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावं.

इजेनंतर पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. नंतर वेग कमी होतो, पण ती थांबतेच असं नाही. अपघातात डोक्याला मार लागलेला एखादा विद्यार्थी काही महिन्यांनी वर्गात परत येतो. बोलतो नीट, हसतो, खेळतो, पण वही कोरी राहते. शिक्षकांना वाटतं, लाड झाले. अशा वेळी मुलाच्या चुका नीट जपून ठेवाव्यात. बघून लिहिताना जमतं का? सांगितलेलं लिहिताना अडतं की मनाने लिहिताना? लांब शब्दांतच चुका होतात का? लिहिता येत नाही तो शब्द तोंडी फोडून सांगता येतो का? वाचा-उपचारतज्ज्ञाला अशी वही म्हणजे अर्धं निदान वाटते.

मदतीचं स्वरूपही कडीवरून ठरतं. शेवटची, हाताची कडी तुटली असेल आणि बोलणं शाबूत असेल, तर परीक्षेत लेखनिक दिल्याने प्रश्न पुष्कळसा सुटतो. अशा काही जणांना संगणकाच्या कळा दाबूनही लिहिता येतं, कारण तिथे अक्षर घडवायचं नसतं, नुसतं निवडायचं असतं. पण वाक्यरचनाच ढासळली असेल तर लेखनिक काय लिहिणार? तिथे जास्त वेळ, छोटी उत्तरं, तोंडी परीक्षा यांचा विचार करावा लागतो. अपंगत्वाबाबतच्या २०१६च्या कायद्यात मेंदूशी संबंधित दीर्घकालीन विकारांचा समावेश आहे. तेव्हा अशा मुलासाठी वैद्यकीय दाखला काढून सवलती मागणं हा हक्काचा भाग आहे, मेहेरबानीचा नव्हे.

शब्दांचा साठाच उडालेल्या प्रौढ रुग्णांसाठी एक पद्धत बरीच वापरली जाते. आधी शब्दाची सुटी अक्षरं मिसळून पुढ्यात ठेवतात, रुग्णाने ती क्रमाने लावायची. मग तो शब्द अनेकदा बघून उतरवायचा. मग झाकून मनाने लिहायचा, उघडून ताडून पाहायचा आणि पुन्हा झाकायचा. घरी हाच अभ्यास रोज. कुठल्याही बालवाडीत शोभेल अशी ही रीत. फरक एवढाच, की शब्दांची यादी पाठ्यपुस्तकातून घेत नाहीत, रुग्णाच्या आयुष्यातून घेतात. स्वतःचं नाव, बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव, गावाचं नाव, चहा, औषध, बस. बोलणंही गेलेलं असेल तर या मोजक्या शब्दांची किंमत फार मोठी ठरते. खिशातल्या छोट्या वहीत ‘औषध’ एवढं लिहून ते दुकानदारापुढे धरता आलं, की त्या दिवशी सोबत कोणाला न्यावं लागत नाही.